कमी खर्चात टर्बो बदलताना : आधी इंजिनाचे आरोग्य, मग वेग

स्मरणिकेत आठवणी, सत्कार आणि शुभेच्छा यांना मानाचे स्थान असतेच. त्यांच्या जोडीला माजी विद्यार्थ्यांच्या व्यवसायातील एखादा विषयही वाचकांपुढे यावा, या हेतूने प्रस्तुत लेख लिहिला आहे. आपल्या वसतिगृहातून बाहेर पडलेले अनेकजण आज मोटारींच्या व्यवसायात आहेत. कोणी चालक आहे, कोणी फिटर, कोणी सुट्या भागांच्या दुकानात, तर कोणी कारखान्यात. आम्ही त्यांपैकीच खारदांडा आणि आसपासच्या उपनगरांत राहणारे काहीजण आहोत. नव्या पिढीतील तरुण आमच्याकडे येऊन जो प्रश्न वारंवार विचारतात, तोच आम्ही येथे घेतला आहे : जुनी पण दमदार गाडी घेतली आहे, हातात पैसा बेताचा आहे, मोठा टर्बो बसवून तिची ताकद वाढविता येईल काय?

प्रश्न छंदाचा दिसतो, पण त्यात बरेच काही पणाला लागलेले असते. अशी गाडी बहुधा घरातील पहिली मोटार असते. तिच्यासाठी आईवडिलांची शिल्लक खर्ची पडलेली असते किंवा कर्जाचे हप्ते चालू असतात. एका चुकीच्या कामाने इंजिन निकामी झाले, तर दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या आसपास जातो. आणि वाढलेला वेग आवरता आला नाही, तर हानी पैशांत मोजता येत नाही. म्हणून तरुणांना नुसते ‘नको’ म्हणण्यापेक्षा या यंत्राची रीत समजावून सांगावी, हे आम्हांस अधिक उचित वाटते. या लेखाचे सांगणे थोडक्यात असे : टर्बो ही या कामातील शेवटची खरेदी आहे. तिच्या आधीच्या गोष्टी ज्याने क्रमाने केल्या, त्याचे काम कमी खर्चात होते. ज्याने क्रम उलटा केला, त्याला स्वस्त टर्बोच सर्वांत महाग पडतो.

इंजिनाचा श्वास

मोटार पेट्रोलवर किंवा डिझेलवर चालते असे आपण म्हणतो. पण इंधनाहून कितीतरी अधिक प्रमाणात ती हवा घेते. एक किलो पेट्रोल नीट जळण्यासाठी साधारण १४.७ किलो हवा लागते. या हिशेबाने एक लिटर पेट्रोलमागे सुमारे नऊ हजार लिटर हवा इंजिनाला ओढावी लागते. इंधन वाढविणे सोपे आहे. जास्तीचे पेट्रोल कोणताही पंप देऊ शकतो. अडचण हवेची असते. सिलिंडरचे आकारमान ठरलेले, त्यात एका वेळी मावणारी हवाही ठरलेली. त्याच सिलिंडरात अधिक हवा कोंबता आली, तर अधिक इंधन जाळता येते आणि ताकद वाढते.

हवा कोंबण्यासाठी लागणारी शक्ती टर्बो धुरातून घेतो. इंधनातील ऊर्जेचा साधारण एक तृतीयांश भाग सायलेन्सरवाटे उष्णतेच्या रूपाने निघून जातो. टर्बोमध्ये एकाच दांड्यावर दोन चक्रे असतात. एक चक्र बाहेर पडणाऱ्या तप्त वायूच्या मार्गात असते, ते त्या झोताने फिरते. दुसरे चक्र आत येणाऱ्या हवेच्या मार्गात असते, ते हवा दाबून इंजिनाकडे ढकलते. लहान मोटारीच्या टर्बोचा दांडा मिनिटाला दोन लाख फेऱ्यांपर्यंत जाऊ शकतो. तो नेहमीच्या गोळ्यांच्या बेअरिंगवर नव्हे, तर बहुतेक गाड्यांत तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. हे एवढे ध्यानात ठेवले, तरी पुढील बऱ्याच सूचनांचे कारण आपोआप कळेल. तेल क्षणभर थांबले किंवा त्यात कचरा गेला, की त्या वेगात धातू धातूवर घासतो.

ही कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याची. त्याने १९०५ साली तिचे पेटंट घेतले. ती प्रथम यशस्वी झाली मोठ्या डिझेल इंजिनांत. १९२० च्या दशकात जर्मनीच्या दोन प्रवासी जहाजांवर असे टर्बो बसले आणि त्यांच्या इंजिनांची शक्ती १,७५० वरून २,५०० अश्वशक्तीवर गेली. मोटारींत टर्बो आला तो १९६२ साली, अमेरिकेत. त्यांपैकी ओल्ड्समोबिल जेटफायर या गाडीची कथा आमच्या विषयाला फार बोधप्रद आहे. दाबलेल्या हवेने इंजिनात नॉकिंग होऊ नये, म्हणून तिच्यात पाणी आणि मेथेनॉल यांच्या मिश्रणाची वेगळी टाकी दिली होती. मालकांनी ती भरण्याकडे दुर्लक्ष केले. तक्रारी एवढ्या वाढल्या की, अखेर कंपनीने टर्बो काढून त्या जागी साधा कार्ब्युरेटर बसवून देण्याची सोय केली. टर्बो उत्तम होता. त्याच्यासोबत जे सांभाळायचे होते ते सांभाळले गेले नाही.

एकाच इंजिनाची दोन रूपे

याचे उदाहरण शोधण्यासाठी परदेशी जाण्याची गरज नाही. पुणे जिल्ह्यातील रांजणगाव येथील फियाटच्या कारखान्यात १२४८ घनसेंटिमीटरचे, म्हणजे बोलीत १.३ लिटरचे, मल्टिजेट डिझेल इंजिन तयार होत असे. फियाटच्या आणि टाटांच्या गाड्यांत, तसेच मारुतीच्या स्विफ्टमध्ये हेच इंजिन असल्याने ते देशभर घरोघरी पोहोचले. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले आणि हे इंजिन भारतात बंद झाले. पण सेकंड हॅण्ड बाजारात या गाड्या आजही मुबलक आहेत.

या इंजिनाची दोन रूपे प्रचलित होती. एक ७५ अश्वशक्तीचे, दुसरे ९० अश्वशक्तीचे. पहिल्यात साधा, स्थिर रचनेचा टर्बो होता. दुसऱ्यात टर्बोच्या आतील पाती इंजिनाच्या गतीनुसार कोन बदलतात. कमी गतीला पाती मिटतात, तेव्हा थोडा धूरही जोराने चक्रावर आदळतो. गती वाढली की पाती उघडतात आणि वायूला मोकळी वाट मिळते. पुष्कळ तरुणांचा तर्क असा असतो की, ७५ च्या गाडीला ९० चा टर्बो लावला की काम झाले. परंतु पाती कधी किती फिरवायची हे इंजिनाचा संगणक ठरवितो. ७५ च्या संगणकाला त्या पातींची माहितीच नसते. म्हणजे टर्बोसोबत नियंत्रणाची झडप, वायरिंग आणि आज्ञावली हे सारे बदलावे लागते. कारखान्याने हा फरक केवळ एक भाग बदलून साधलेला नव्हता, हे येथे लक्षात घ्यावे.

त्याच रांजणगावातून २०१५ साली आलेली अबार्थ पुंटो ही गाडीही अभ्यासण्याजोगी आहे. तिच्या १.४ लिटरच्या टर्बो पेट्रोल इंजिनातून १४५ अश्वशक्ती मिळत असे, आणि दिल्लीतील शोरूम किंमत दहा लाखांच्या आत, ९.९५ लाख रुपये ठेवली होती. कमी खर्चात वेग म्हणजे काय, याचे हे कारखान्याने दिलेले उत्तरच होते. पण त्यांनी ताकद वाढविताना गाडी जमिनीला जवळ आणली, सस्पेन्शन कडक केले आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक दिले. काटकसर करणाऱ्या कारखान्यालाही जो खर्च टाळता आला नाही, तो गल्लीतल्या गॅरेजमध्ये टाळता येईल असे मानणे धाडसाचे आहे.

पहिला खर्च तपासणीचा

खारदांड्यात राहणाऱ्यांना हा मुद्दा समजावणे फारसे कठीण जात नाही. पावसाळ्यातील मासेमारीबंदी दरवर्षी १ जूनपासून सुरू होते, तेव्हा होड्या वर ओढल्या जातात आणि त्या काळात इंजिनाची डागडुजी होते. समुद्रात गेल्यावर इंजिन बंद पडले तर काय होते, हे कोळीवाड्यात कोणाला सांगावे लागत नाही. शिवाय मोठे इंजिन घेतले आणि होडीचा पंखा जुनाच ठेवला, तर वेग वाढत नाही, डिझेल मात्र वाढते, हेही तेथे सर्वांस ठाऊक असते. मोटारीला हाच न्याय लागू पडतो.

म्हणून पहिला पैसा टर्बोवर नव्हे, तपासणीवर खर्चावा. प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजून घ्यावे. एक सिलिंडर इतरांहून बराच कमी असेल, तर त्या इंजिनावर दाब वाढविणे म्हणजे भेगाळलेल्या भिंतीवर मजला चढविणे होय. त्यानंतर हवेच्या मार्गाची गळती तपासावी. एअर फिल्टरपासून इंजिनापर्यंतच्या सर्व होज पाइपांत हलका दाब देऊन साबणाचे पाणी लावले, की बुडबुड्यांवरून गळती सापडते. रबराचा पाइप आतून फुगलेला किंवा क्लॅम्पखाली चिरलेला असणे ही जुन्या टर्बो गाडीतील नेहमीची बाब आहे. व्हॅक्यूमच्या बारीक नळ्या कडक होऊन तडकतात, त्यामुळे टर्बोचे नियंत्रण बिघडते.

किनाऱ्यालगत राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. खारट हवेने सायलेन्सर, पाइपांचे जोड आणि बोल्ट लवकर गंजतात. पुढच्या बाजूच्या इंटरकूलरच्या ॲल्युमिनियमच्या पापुद्र्यांतही क्षार आणि धूळ साचून हवेला वाट उरत नाही. तो स्वच्छ करणे, चिरलेले पाइप बदलणे, नवा एअर फिल्टर घालणे, योग्य प्रतीचे इंजिन ऑइल भरणे, पेट्रोल गाडी असल्यास नवे स्पार्क प्लग लावणे, एवढ्या कामांनीच अनेक गाड्यांचा गेलेला पिकअप परत येतो. कित्येकांची ताकदीची हौस येथेच फिटते, आणि तसे झाले तर त्याहून स्वस्त सुधारणा दुसरी नाही.

टर्बोची निवड

मोठा टर्बो अधिक हवा देतो हे खरे. पण त्याचे चक्र जडही असते. ते गतीत येण्यास वेळ लागतो. पेडल दाबल्यावर काही काळ गाडी ढिम्म राहते आणि मग एकदम झेपावते. यालाच टर्बो लॅग म्हणतात. वांद्रे–सांताक्रूझच्या वाहतुकीत, जेथे दर मिनिटाला थांबावे लागते, तेथे असा टर्बो गाडीला आधीपेक्षा मंद करतो. उलट टर्बो फार लहान असेल, तर वरच्या गतीला तोच धुराची वाट अडवितो आणि भट्टीसारखा तापतो. म्हणून येथे मध्यम मार्गच हिताचा : इंजिनाच्या आकारमानाला साजेसा आणि मूळच्यापेक्षा एकच पायरी मोठा टर्बो निवडावा.

ही पायरी शोधण्याचा सर्वांत कमी खर्चाचा मार्ग म्हणजे त्याच इंजिनाच्या अधिक शक्तिमान रूपाकडे पाहणे. त्याच कंपनीने त्याच इंजिनावर जो मोठा टर्बो वापरला असेल, तो बहुधा त्याच बोल्टांवर बसतो, तेलाच्या नळ्या जुळतात आणि त्याचे वर्तन ठाऊक असते. दुसरा मार्ग म्हणजे मूळ टर्बोचेच बाहेरील कवच ठेवून आतील चक्रे थोडी मोठी बसविणे. हे काम कवच अचूक कातणाऱ्या आणि चक्रे यंत्रावर संतुलित करणाऱ्या कारागिराकडेच द्यावे. प्रत्येक टर्बोचा हवेच्या प्रमाणाचा आणि दाबाचा आलेख उत्पादक देतात. तो वाचता येणारा मेकॅनिक मिळाला, तर त्याच्या सल्ल्याचे मोल टर्बोच्या किमतीहून अधिक समजावे.

नाव नसलेले, चमकदार वेष्टनातील नवे टर्बो अत्यंत स्वस्तात विकले जातात. त्यांच्या धातूची प्रत, बेअरिंग आणि संतुलन यांची खात्री नसते. अशा नव्या टर्बोपेक्षा नामांकित बनावटीचा, पारखून घेतलेला जुना टर्बो बरा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

जुना टर्बो पारखताना

कुर्ला–कालिना भागातील सीएसटी रोड सुट्या भागांसाठी प्रसिद्ध आहे, आणि खारहून तो फार दूर नाही. तेथे किंवा अन्यत्र जुना टर्बो घेताना घाई करू नये. दुकानदाराच्या अनुमतीने पुढील गोष्टी हाताने तपासाव्यात.

दांडा बोटांनी पुढे-मागे ढकलून पाहावा. या दिशेने प्ले जाणवता कामा नये. वर-खाली किंचित हालचाल असणे स्वाभाविक आहे, कारण तेलाच्या थराला जागा हवी. पण चक्र कवचाला घासत असेल, तर तो टर्बो सोडून द्यावा. हवेच्या बाजूच्या पातींच्या कडा उजेडात पाहाव्यात. तुटकी किंवा वाकलेली कड म्हणजे आत कधीतरी खडा, नट किंवा फिल्टरचा तुकडा गेला होता. धुराच्या बाजूच्या ओतीव कवचाला तडे आहेत काय ते पाहावे. बदलत्या पातींचा टर्बो असेल, तर दांडी हलवून पाती काजळीने अडकल्या नाहीत ना, याची खात्री करावी. दोन्ही बाजूंना ओले, जाड तेल साचले असेल, तर आतील सील गेलेले असण्याचा संभव मोठा.

जुना टर्बो घेतला की त्याचा आतला गाभा, म्हणजे दांडा, चक्रे आणि बेअरिंग यांचा संच, नवा घालून किंवा दुरुस्त करून घ्यावा आणि तो यंत्रावर संतुलित झाला आहे, असे लेखी घ्यावे. येथे वाचविलेले पैसे पुढे दुपटीने जातात.

बसविताना घ्यावयाची काळजी

जुना टर्बो का खराब झाला, हे शोधल्याशिवाय नवा बसवू नये. तेलाची नळी जळक्या तेलाने चोंदली असेल, तर नवा टर्बोही काही दिवसांचाच सोबती ठरतो. तेल आणणारी नळी शक्यतो नवीच घालावी. तेल परत नेणारी नळी सरळ खाली उतरली पाहिजे. त्या वाटेने तेल केवळ आपल्या वजनाने वाहते. नळी वाकली किंवा दबली, तर तेल टर्बोत साचते आणि सीलमधून धुरात जाते. तेलाच्या जोडांवर गॅस्केटऐवजी सिलिकॉनची पेस्ट लावण्याची सवय घातक आहे. तिचा सुटलेला तुकडा बारीक छिद्र बंद करण्यास पुरेसा होतो.

इंजिन ऑइल आणि फिल्टर बदलावेत. टर्बोच्या तोंडात स्वच्छ तेल ओतून दांडा हाताने फिरवावा. नंतर इंजिन सुरू न होऊ देता स्टार्टरने काही सेकंद फिरवून तेलाचा दाब येऊ द्यावा. सुरू झाल्यावर काही मिनिटे ते सावकाश चालू ठेवावे आणि प्रत्येक जोड पाहावा. पुढेही सकाळी गाडी सुरू करताच पेडल दाबू नये. आणि लांबचा, वेगाचा प्रवास संपल्यावर इंजिन एकदम बंद न करता मिनिटभर चालू ठेवावे. तप्त टर्बोतील तेल थांबले की ते तेथेच जळून कोळसा होते. या सवयीला एक रुपयाही लागत नाही.

इंधन, उष्णता आणि संगणक

हवा दाबली की ती तापते. बाहेर ३० अंश तापमान असताना हवेचा दाब दुप्पट केला, तर चांगल्या टर्बोतूनही ती सव्वाशे अंशांच्या आसपास बाहेर पडते. तापलेली हवा विरळ असते, म्हणजे मेहनत करून मिळविलेला फायदा काही अंशी परत जातो. इंटरकूलर तिला थंड करतो. मुंबईच्या हवामानात थोडा मोठा टर्बो आणि उत्तम इंटरकूलर ही जोडी, मोठा टर्बो आणि अपुरा इंटरकूलर या जोडीपेक्षा नेहमी सरस ठरते.

पेट्रोल गाडीत उष्णतेचा दुसरा धोका नॉकिंगचा. ठिणगी पडण्याच्या आधी किंवा नंतर मिश्रणाचा काही भाग आपोआप पेटतो आणि पिस्टनवर घणाचे घाव बसतात. आपल्याकडील साध्या पेट्रोलचे ऑक्टेन प्रमाण पूर्वी किमान ९१ असे. अधिक दाबाच्या इंजिनाला ९५ किंवा त्यावरील प्रतीचे पेट्रोल द्यावे लागते, आणि हा खर्च दर महिन्याचा आहे हे हिशेबात धरावे. इथेनॉलमिश्रित पेट्रोलात लिटरमागे ऊर्जा कमी असते, त्यामुळे तेवढ्याच हवेला ते अधिक लागते. मूळ इंजेक्टर आणि पंप तेवढे देऊ शकतील काय, हे तपासावेच लागते. हवा वाढली आणि पेट्रोल अपुरे पडले, तर मिश्रण विरळ होऊन पिस्टन वितळतो. डिझेलचे उलट असते : तेथे हवेपेक्षा इंधन जास्त झाले की काळा धूर निघतो आणि टर्बो अति तापतो.

हे सारे जुळविण्याचे काम संगणकाच्या आज्ञावलीचे, म्हणजे रिमॅपचे. ते गाडी रोलरच्या यंत्रावर चालवून, धुरातील ऑक्सिजन, दाब आणि तापमान मोजत करावे. इंटरनेटवरून आणलेली तयार फाइल दुसऱ्याच्या मापाच्या चष्म्यासारखी असते. दाब दाखविणारी वायर फसवून किंवा वेस्टगेटची दांडी आवळून दाब वाढविण्याच्या युक्त्या गॅरेजमध्ये सांगितल्या जातात. त्यांनी संगणक आंधळा होतो. सुरक्षिततेसाठी त्याने जे थांबविले असते, ते त्याला दिसेनासे होते. अशा युक्तीपासून दूर राहावे.

ताकद आवरण्याची ताकद

वाढलेली ताकद चाकांपर्यंत क्लच आणि गिअरपेटीतून जाते. चाकण येथे तयार झालेली फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय तरुणांत लोकप्रिय आहे. तिचे १.२ लिटरचे इंजिन १०५ अश्वशक्ती आणि १७५ न्यूटन-मीटरचे. तिच्या कोरड्या क्लचच्या सात गिअरी स्वयंचलित गिअरपेटीची मर्यादा २५० न्यूटन-मीटर आहे. मोठ्या टर्बोने ही मर्यादा ओलांडली, तर टर्बोवर वाचविलेले पैसे गिअरपेटी गिळून टाकते. प्रत्येक गाडीत अशी एक दुर्बल कडी असतेच. ती आधी शोधावी.

ब्रेकचा हिशेब तर शाळेतील विज्ञानाच्या पुस्तकातलाच आहे. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ८० ऐवजी १०० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीला थांबविताना ब्रेकला दीडपटीहून अधिक ऊर्जा जिरवावी लागते. १६० वर ती चौपट होते. वांद्रे–वरळी सागरी सेतू ३० जून २००९ रोजी खुला झाला आणि सागरी किनारा मार्ग मार्च २०२४ पासून टप्प्याटप्प्याने. दोन्हींवर कमाल वेगमर्यादा ताशी ८० किलोमीटर आहे, वळणांवर त्याहून कमी. रस्ता रुंद व गुळगुळीत असला, तरी टायर जुने, ब्रेक ऑइल वर्षानुवर्षे न बदललेले आणि डिस्क झिजलेल्या असतील, तर वेगवान गाडी ही चालवणाऱ्याच्या ताब्यातील वस्तू राहत नाही. म्हणून ब्रेक आणि टायर यांचा खर्च टर्बोच्या आधी लिहावा.

कायदा आणि विमा

या विषयातील सर्वांत कमी बोलली जाणारी बाजू कायद्याची आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणीतील तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाहून भिन्न होतील असा बदल मालकाला वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये, अनुमती नसलेल्या फेरबदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक फेरबदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. विमा कंपनीला न कळविता केलेला बदल अपघातानंतर उघडकीस आला, तर भरपाई नाकारली जाऊ शकते. आणि अपघातात दुसऱ्या कोणाचे नुकसान झाले असेल, तर तो भार कुटुंबावर येऊ शकतो.

याचा सरळ अर्थ असा की, रोजच्या रस्त्यावर चालणाऱ्या गाडीची मूळ क्षमता पूर्णपणे परत मिळविणे, हाच कायद्याला आणि खिशाला मानवणारा मार्ग आहे. मोठ्या टर्बोची गाडी ही शर्यतीच्या मैदानासाठी. लोणावळ्याजवळील अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर पाव मैलाच्या शर्यती भरल्या आहेत. तेथे हेल्मेट, तपासणी, वैद्यकीय पथक आणि मोकळा रस्ता असतो. ज्याला ही विद्या पूर्णपणे आजमावायची आहे, त्याने अशा अधिकृत स्पर्धांची वाट धरावी. कार्टर रोडची रात्र त्यासाठी नाही. तेथे पहाटे फिरावयास निघणारे वृद्ध आणि मासळीच्या पाट्या घेऊन निघणाऱ्या आपल्याच परिसरातील माताभगिनी असतात.

खर्चाचा क्रम

आता सर्व एकत्र मांडू. हातातील रकमेचे तीन भाग करावेत. पहिला भाग इंजिनाच्या आरोग्याचा : कॉम्प्रेशन, गळती, तेल, पाणी, पाइप, फिल्टर आणि इंटरकूलर. दुसरा भाग आवरण्याच्या साधनांचा : ब्रेक, टायर, क्लच. हे दोन्ही पूर्ण झाल्यावर जे उरेल त्यातून तिसरा भाग : टर्बो, त्याचे बसविणे आणि यंत्रावरील रिमॅप, हे तिन्ही मिळून. तिसऱ्या भागासाठी रक्कम अपुरी पडत असेल, तर अर्धवट काम करू नये, थांबावे. पहिल्या दोन भागांवर खर्च झालेला एकही रुपया वाया जात नाही. गाडी विकताना तो किमतीत परत येतो आणि चालविताना जिवाचे रक्षण करतो. शिवाय अनपेक्षित कामासाठी थोडी रक्कम बाजूला ठेवावी. जुन्या गाडीचा बोल्ट तुटणारच, असे समजून चालावे.

पालकांना आमची विनंती अशी की, मुलाची ही ओढ निव्वळ उधळेपणा समजून झिडकारू नये. दाब, उष्णता, तेल, धातू आणि संगणक यांचा मेळ घालावयास लावणारा हा विषय आहे. ज्याला तो मनापासून कळला, तो उत्तम मेकॅनिक, कारखान्यातील तंत्रज्ञ किंवा अभियंता होऊ शकतो. त्याला गाडीची चावी देण्यापूर्वी कॉम्प्रेशन मोजण्याचे यंत्र हाती द्यावे, मोजलेले आकडे वहीत लिहावयास सांगावे. आणि तरुण मित्रांना सांगावयाचे ते एवढेच : टर्बो विकत घेण्याच्या दिवसाची घाई करू नका. त्याआधी आपल्या गाडीचा प्रत्येक पाइप, प्रत्येक जोड आणि प्रत्येक आवाज ओळखीचा होऊ द्या. आमच्यापैकी अनेकांचे गॅरेज खार, सांताक्रूझ आणि अंधेरी परिसरात आहे. शाळेचे नाव सांगून कोणीही यावे. पहिली तपासणी आपण मिळून करू.